पाइपाच्या त्या टोकाला

सकाळी पावणेनऊला पंपिंग स्टेशनातला फोन वाजायचा, आणि तो वाजला की फिटर हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "वहिनी, तुमचा आला."

"माझा कसला? तक्रारीचा आला," असं म्हणत ती उठायची. पण उठायची लगेच.

ती त्या स्टेशनाची पंपचालक. वय शेहेचाळीस. नऊ वर्षांपूर्वी नवरा काविळीने पंधरा दिवसांत गेला. तो इथेच पंप चालवायचा, म्हणून त्याच्या जागी तिला घेतलं. मूलबाळ नव्हतं. घरी सासूबाई होत्या, आणि इथे दोन पंप, एक खोल विहीर आणि नवऱ्याचा जुना सोबती फिटर. तो तिला तेव्हाही वहिनी म्हणायचा, आताही वहिनीच म्हणत होता.

शहराच्या सखल भागातलं सगळं सांडपाणी उताराने वाहत त्या विहिरीत यायचं. पुढे मात्र चढ होता. विहीर भरत आली की पंप सुरू व्हायचा आणि ते पाणी सहा किलोमीटर लांबीच्या बंद पाइपातून दाबून टेकडीवर चढवायचा. टेकडीवरच्या एका गल्लीच्या तोंडाशी चेंबर होतं. तिथे पाइप संपायचा आणि पाणी पुन्हा आपलं आपण उताराने शुद्धीकरण केंद्राकडे निघायचं. नऊ वर्षांत तिने पाइपाचं ते टोक पाहिलं नव्हतं. आपल्याकडून पाणी गेलं की आपण सुटलो, असाच सगळ्यांचा हिशेब.

आणि मग एका सोमवारी तो पहिला फोन आला.

"कोण बोलतंय?" पुरुषाचा आवाज, चांगलाच तापलेला.

"पंपिंग स्टेशन."

"मग बरोबर लागला. बाई, तुम्ही तिकडून सोडता तरी काय? नाकातले केस जळाले माझे!"

"आम्ही काही सोडत नाही," ती म्हणाली. "लोक जे सोडतात तेच पुढे ढकलतो. त्यात तुमचंही असेल."

"आमचं नाही! आम्ही टेकडीवर राहतो. आमचं तुमच्याकडे येत नाही, तुमचंच आमच्याकडे येतं."

हे इतकं खरं होतं की तिला हसू फुटलं. पलीकडे तोही हसला.

त्याचं दुकान चेंबरपासून चार पावलांवर होतं. बँडपथकांची, शाळांची, अग्निशमन दलाची पितळी वाद्यं तो दुरुस्त करायचा. "काल संध्याकाळी लखलखीत करून ठेवलेला कर्णा आज दहा वाजता काळाठिक्कर! गिऱ्हाईक विचारतं, पॉलिश केलंत की डांबर फासलंत?"

"किती वाजता येतो वास?"

"पावणेनऊला. दहापर्यंत जीव नकोसा होतो, मग ओसरतो. रोज."

ती मनाशी हिशेब करू लागली. पावणेनऊला तिथे बाहेर पडणारं पाणी म्हणजे रात्री पाइपात शिरलेलं. रात्री शहर झोपतं, पाणी कमी येतं, पंप बराच वेळ गप्प असतात. ते पाणी पाइपात तसंच पडून राहतं. बंद पाइपात हवा नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तास-दोन तासांत संपतो, आणि मग पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरातून तो नासक्या अंड्यासारखा गॅस तयार होतो. सकाळी सगळ्या मोऱ्या एकदम वाहू लागल्या की हे रात्रीचं पाणी ढकललं जाऊन त्याच्या दारात उसळतं.

तिने हे सगळं त्याला जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे शिळं," तो म्हणाला.

"हो. ताजं असतं तर एवढं अंगावर आलं नसतं."

"आणि मला वाटत होतं, शिळं-ताजं फक्त स्वयंपाकघरात असतं." त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "आज आठ त्रेचाळीस. लिहून घ्या." तिसऱ्या दिवशी त्याने तांब्याची एक पट्टी घासून चेंबरजवळच्या खांबाला टांगली आणि ती किती वेळात काळी पडते ते सांगू लागला. ती लॉगबुकात वेळ लिहायची, पट्टीचा रंग लिहायची, आदल्या रात्री पंप किती वेळ चालले तेही शेजारी लिहायची. ज्या रात्री पंप कमी चालले, त्या सकाळी वास जास्त. दीड महिन्यात पानंच्या पानं भरली.

फोन मात्र वासावर सुरू होऊन भलतीकडेच जायचा. एकदा त्याने विचारलं, "जरा ऐकता का?" आणि फोनजवळ कर्णा धरून एक लांब सूर काढला. "फाटतोय का?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. ज्यांना कळतं ते माझं मन राखतात."

"शेवटी थोडा फाटला," ती घाबरत घाबरत म्हणाली.

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून दाखवला. आता फाटला नाही.

एकदा तर तोच म्हणाला, "तुमच्या मागे काय घरघरतंय? रोज असं वाजत नाही ते." मागे दोन नंबरचा पंप चालू होता. फिटरने कपाळाला आठ्या घालत पंप उघडला, तर बेअरिंग खरंच गेलेलं. "हा माणूस सहा किलोमीटरवरून पंपाची नाडी बघतो," फिटर म्हणाला. "माझी नोकरी जाते आता."

ती हे सगळं घरी जेवताना सासूबाईंना सांगायची. बाजेवाले असं म्हणाले, बाजेवाले तसं म्हणाले. सासूबाई घास घोळवत ऐकायच्या. एकदा फोनवर त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला होता, "चहा गार होतोय रे," आणि त्यानंतर दोन दिवस तिने घरी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर त्यानेच सहज म्हटलं की मोठी बहीण आली होती चार दिवस, गेली आज परत, घर पुन्हा ओस पडलं. त्या रात्री तिने सासूबाईंना दोनदा वाढलं.

"पुरे गं," सासूबाई म्हणाल्या. "आज काय एवढं?"

लॉगबुकाची ती पानं इंजिनिअर मॅडमकडे गेली. मॅडम नव्या होत्या, वयाने लहान, पण पाइप समजणाऱ्या. त्या स्वतः आल्या आणि तिच्यासमोर स्टुलावर बसून म्हणाल्या, "ताई, हे काम कुणी केलं ते मला वर नाव घेऊन सांगायचंय. पाण्याला पाइपात हवा पुरत नाही ना? मग आपण द्यायची."

चार महिन्यांनी कुंपणाआड एक उंच पांढरी टाकी उभी राहिली. आत द्रवरूप ऑक्सिजन. तो नळ्यांच्या जाळ्यातून जाताना वायू व्हायचा, नळ्यांवर पांढरं दव गोठायचं, आणि पंपाच्या पुढे पाइपात सोडला जायचा. दाबाखाली तो पाण्यात चटकन विरघळायचा आणि टेकडीपर्यंतच्या सगळ्या वाटेत पाण्याला पुरायचा. रात्रभर पडून राहिलं तरी पाणी ताजं राहायचं. फिटर त्या टाकीला नमस्कार करून म्हणाला, "माझ्या दम्याच्या वेळी एवढी धावपळ कुणी केली नव्हती."

पहिल्या आठवड्यात बाजेवाल्यांचे फोन आले. "आज कमी." "आज अगदीच कमी." "आज पट्टी संध्याकाळपर्यंत तांबूस." आणि मग एक दिवस: "आज काहीच नाही हो. मी चेंबरवर उभा राहून दीर्घ श्वास घेतला. लोक बघत होते."

ती हसली. आणखी काही बोलणार, एवढ्यात मॅडम आत आल्या, हातात कागद घेऊन तिच्याजवळच उभ्या राहिल्या. फिटर मिशीत हसत होता. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आवाज एकदम सरकारी करून ती म्हणाली, "ठीक आहे. आता तक्रार नसेल तर फोन करायची गरज नाही."

मग तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तिच्याकडे त्याचा नंबर नव्हता. स्टेशनचा फोन भिंतीवरचा, जुना. कुणाचा आला हे त्यावर दिसायचं नाही, आणि इतक्या महिन्यांत तिने कधी विचारलाही नव्हता. रोज यायचा, मग विचारायचं कशाला? ऑफिसात चौकशी केली असती तर मिळाला असता. पण काय कारण सांगायचं? तक्रारदाराची तक्रार मिटली, म्हणून मला त्याचा नंबर हवा?

पावणेनऊला ती फोनच्या आसपास काहीतरी काम काढायची. टेबल पुसायची, कॅलेंडरचं पान सरळ करायची. एकदा फोन उचलून चालू आहे ना बघितलं. चालू होता.

घरचं पाणीही सखल भागातलं, म्हणजे त्याच विहिरीत जाणारं. भांडी विसळताना तिच्या मनात यायचं, हे आता वळणावळणाने विहिरीत पोचेल, पंप लागला की पाइपात जाईल, आणि उद्या सकाळी त्याच्या दारावरून निघून जाईल. त्याला कळणारसुद्धा नाही. हल्ली ती मोरीपाशी अशीच उभी राहायची, नळ वाहता ठेवून.

"मोरीत काय बघतेस एवढं?" एकदा सासूबाईंनी विचारलं. "अंगठी पडली का?"

"नाही."

"मग नळ बंद कर."

जेवताना आता दोघी गप्प असायच्या. सासूबाईंनी बाजेवाल्यांचं नाव काढलं नाही. पण तिच्याकडे बघत मात्र राहायच्या.

असे तीन महिने गेले. एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता फिटर लवकर निघून गेला होता. रात्री स्टेशन आपोआप चालायचं, पाळीवर कुणी नसायचं. ती कुलूप लावायच्या आधी टाकीचं माप लिहायला कुंपणात गेली. नळ्यांवर दव गोठलं होतं. ऑक्सिजनचा हातव्हॉल्व्ह तिच्या छातीच्या उंचीवर होता. तिने तो धरला. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. तिने तो फिरवला, पूर्ण बंद होईपर्यंत. पॅनेलवर लाल दिवा लागला, भोंगा वाजू लागला. तिने बटण दाबून भोंगा गप्प केला, कुलूप लावलं आणि घरी गेली.

सकाळी सहाला ती धावतच स्टेशनात शिरली आणि व्हॉल्व्ह उघडला. पण त्याने काय होणार होतं? रात्रभराचं पाणी पाइपात होतं. सहा किलोमीटर. ते मागे घेता येत नव्हतं. शहर जागं होत होतं, विहीर भरत होती, आणि पंप सुरू होऊन तिने नासवलेलं पाणी टेकडीकडे ढकलू लागला. ती पंपाशेजारी उभी राहून तो आवाज ऐकत होती.

पावणेनऊला फोन वाजला नाही. नऊला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी वाजला, तेव्हा तिने पहिल्या घंटेलाच उचलला.

"पंपिंग स्टेशन ना?" बाईचा आवाज होता. टेकडीवरच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई. "अहो, काय हे? दोन मुलांना उलट्या झाल्या. सगळ्या मुलांना मागच्या अंगणात नेऊन बसवलंय. आम्हाला सांगितलं होतं की हे कायमचं संपलं म्हणून!"

चेंबरच्या शेजारी बालवाडी आहे हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. इतक्या फोनांमध्ये तो कर्ण्यांबद्दल बोलला, पट्टीबद्दल बोलला, बहिणीबद्दल बोलला. बालवाडीचा विषय कधी निघाला नव्हता.

"मुलं बरी आहेत का आता?"

"आहेत बरी. पण हे झालं कसं?"

"मी येते," ती म्हणाली. "मी स्वतः येते."

तिने मॅडमना फोन लावला. इतकंच सांगितलं की रात्री ऑक्सिजन बंद होता. मॅडम अर्ध्या तासात गाडी आणि गॅस मोजायचं यंत्र घेऊन आल्या, तिला बसवलं आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली. सगळा रस्ता पाइपाच्या बाजूनेच जात होता. दर काही अंतरावर कडेला एकेक सिमेंटचा ठोकळा दिसायचा, खाली पाइप असल्याची खूण. ती मोजत राहिली आणि मध्येच मोजणं विसरली.

गल्ली तिला वाटली होती त्यापेक्षा अरुंद होती. चेंबरवर लोखंडी झाकण, शेजारी खांब, पलीकडे बालवाडीची निळी भिंत. हवेत अजून तो वास होता. मॅडम वाकून माप घेऊ लागल्या. समोरच्या दुकानातून एक माणूस फडक्याला हात पुसत बाहेर आला. सडपातळ, अर्धे केस पांढरे, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने त्याला उंच समजलं होतं. तो उंच नव्हता.

"काही विशेष नाही हो मॅडम," तो म्हणाला, आणि तो आवाज ऐकून ती गाडीच्या दारापाशीच थांबली. "थोडा वास आला एवढंच. मशीन आहे, कधी बिघडतं. पंपवाल्या बाईंना उगाच बोलू नका. त्यांचं काम चोख असतं."

"म्हणून तुम्ही फोन केला नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"मी केला असता तर तक्रार त्यांच्या नावावर लागली असती ना?"

"वास थोडा नव्हता," ती म्हणाली.

त्याने वळून बघितलं. तिला ओळखण्यासारखं त्याच्याकडे आवाजाशिवाय काहीच नव्हतं, पण तेवढा पुरला. कपाळावरचा चष्मा त्याने डोळ्यांवर ओढला.

"मशीन बिघडलं नाही. मी व्हॉल्व्ह बंद केला. काल संध्याकाळी."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "चुकून?" त्या हळूच म्हणाल्या. तो शब्द त्यांनी तिच्यासमोर असा धरला होता की तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"चुकून नाही."

"मग का, ताई?"

ती मॅडमकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. खांबाकडे बघत होती. त्याने फडक्याची हातातल्या हातात दोनदा घडी केली, उलगडली. त्याला समजलं होतं. आणि मॅडमनाही, बहुतेक, कारण त्या पुन्हा यंत्रावर वाकल्या.

ती बालवाडीत गेली, बाईंसमोर उभी राहून चूक कबूल केली. उलट्या झालेली दोन्ही मुलं तोवर अंगणात मातीत खेळत होती. त्यातल्या एकीने तिला विचारलं, "तू वासवाली का?" ती हो म्हणाली.

गाडीत बसताना तो जवळ आला. "मीच करायला हवा होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कितीदा नंबर फिरवला. मग वाटायचं, तक्रार काय सांगू?"

"मी चुकले," ती म्हणाली. "तुम्हाला तसं तोडून बोलायला नको होतं. आणि हे तर त्याहून वाईट केलं."

"हो," तो म्हणाला. "हे वाईटच केलंत."

तिला मेमो मिळाला. व्हॉल्व्हला कुलूप लागलं, भोंग्याची तार थेट ऑफिसात गेली, आणि महिन्याभरात तिची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनावर झाली. तिथलं पाणी त्या टेकडीकडे जातच नाही. "मी याहून कमी शिक्षा करू शकले नसते," मॅडम म्हणाल्या. फिटरने डोळे पुसले आणि मग म्हणाला, "पण वहिनी, भोंगा बंद करून जायचं धाडस मला झालं नसतं बरं का."

घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, भाजी निवडता निवडता, वर न बघता.

"मला आधी सांगितलं असतंस," सासूबाई म्हणाल्या, "तर व्हॉल्व्हला हात लावायची वेळ आली नसती. तीन महिने मोरीपाशी उभी राहतेस. मी काय आंधळी आहे?"

"तुम्हाला काय वाटेल, असं..."

"काय वाटायचं ते माझं मी बघीन. येत्या रविवारी बोलाव त्याला चहाला. दुकान तर बघून आलीस."

तो रविवारी चार वाजता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. सासूबाईंनी त्याला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, त्याचं गाव विचारलं, बहिणीची चौकशी केली, दुकानात काय काय असतं ते विचारलं. तो नीट उत्तरं देत होता. मध्येच काहीतरी सांगताना तो हसला आणि त्याने कप उचलला. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग "आलेच," म्हणून उठल्या आणि आत गेल्या.

त्या लवकर परत आल्या नाहीत. ती आत गेली, तर सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पदर तोंडावर दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"नको ना," ती म्हणाली. "मी त्यांना सांगते, जा म्हणून."

सासूबाईंनी जोरात मान हलवली. "नाही गं. माणूस चांगला आहे. त्याचा काही दोष नाही. मला माझ्या पोराची आठवण आली एवढंच. तो पण असाच दोन्ही हातांनी कप धरायचा." त्या पुन्हा रडू लागल्या. "तुला नाही येत त्याची आठवण?"

"येते," ती म्हणाली. "रोज येते."

ती पलंगावर त्यांच्या शेजारी बसली. सासूबाईंचा हात हातात घेतला. नऊ वर्षांत त्या दोघी अशा एकत्र रडल्या नव्हत्या; एकीसमोर दुसरीने घट्ट राहायचं, असंच चाललं होतं. खूप वेळ गेला. बाहेर चहा गार झाला असणार. तो उठून जाईल, असं तिला सारखं वाटत होतं. त्याने उठून जावं असंही वाटत होतं, आणि जाऊ नये असंही.

शेवटी सासूबाईंनी डोळे पुसले, केस सारखे केले. "जा," त्या म्हणाल्या. "मी तोंड धुऊन येते. त्याला म्हणावं, म्हातारीला सर्दी झालीय."

ती दारात आली. तो खुर्चीतच बसला होता. कप त्याने खाली ठेवला होता, आणि दाराकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून, तो वाट बघत होता.